नापास होण्याची शिकवणी

आई परीक्षेत पास झाली तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसलो होतो. शेजारून जाणारे एक सद्गृहस्थ थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेवटी फार त्रास झाला का हो त्यांना?"

"छे हो," मी म्हणालो, "सगळी उत्तरं धडाधड दिली."

ते गृहस्थ घाईघाईने पुढे निघून गेले.

परीक्षा स्मरणशक्तीची होती. घरात म्हाताऱ्या माणसाजवळ राहायला परदेशी मदतनीस ठेवायची असेल, तर आधी हॉस्पिटलने सांगितलेलं असावं लागतं, की हो बुवा, या बाई खरंच विसरतात, यांना एकटं ठेवणं बरं नाही. आमच्या आईने वर्षभरात दोन पातेली जाळली होती. तिसऱ्यात चहाच्या पाण्यात अंडी उकळत ठेवून ती देवळात निघून गेली, तेव्हा शेजारच्या थू काकूंनी खिडकीतून काठी घालून गॅस बंद केला होता. एकदा तर सकाळी सातला ती अबॅकसचा क्लास घ्यायला निघाली. चौकातल्या माडीवर तिचा तो क्लास पूर्वी होता. आमच्या च्याई गावातल्या अर्ध्या दुकानदारांना तिने मणी सरकवायला शिकवलं आहे. आता त्या माडीवर नाणं टाकून भावल्या उचलायची यंत्रं आहेत. आई त्या यंत्रांसमोर उभी राहून मुलं अजून आली का नाहीत म्हणून रागावत होती.

तर अशा आईला घेऊन मी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्याने आजीला म्हणतात तसं विचारलं, "आ-मा, आज तारीख काय?"

"चांद्र पंचांगातली सांगू की सरकारी?" आई म्हणाली.

मग त्याने शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. आईची बोटं टेबलावर न दिसणारे मणी सरकवू लागली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... डॉक्टर "पुरे, पुरे" म्हणत असताना ती थेट दोनापर्यंत उतरली आणि म्हणाली, "आता दोन उरले. दोनातून सात जात नाहीत, पण उसने घेऊन करून दाखवते." डॉक्टरने चक्क टाळ्या वाजवल्या. निघताना त्याने आईला विचारलं, की क्लास अजून चालू आहे का, त्याची मुलगी गणितात कच्ची आहे.

बाहेर आल्यावर आई तरातरा पुढे आणि मी मागे. "बघितलंस? एकही चूक नाही," ती म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने मला दोनदा विचारलं, की आपण हॉस्पिटलात कधी जायचं आहे.

आमच्या गल्लीत कुठलीही बातमी पसरायची जागा एकच. संध्याकाळी कचऱ्याची गाडी भोंग्यावर पियानोची धून वाजवत येते आणि सगळी गल्ली हातात पिशव्या घेऊन धावत बाहेर पडते. गाडी थांबते जेमतेम एवढीशी. कचरा टाकून झाला तरी माणसं मात्र अर्धा तास उभी असतात.

"काय झालं आ-मांचं?" थू काकूंनी विचारलं.

"पास झाली."

"अरेरेरे!" सगळी गल्ली एकदम हळहळली. कुणीतरी माझ्या खांद्यावर हातही ठेवला.

थू काकूंचा या विषयात अधिकार मोठा. त्यांच्या सासूबाई पहिल्याच झटक्यात नापास झालेल्या. "तुम्ही तयारी न करता नेलंत," त्या म्हणाल्या. "अहो, परीक्षा म्हटली की तयारी नको? तीन दिवस आंघोळ नाही. केस विंचरायचे नाहीत. स्वेटर उलटा. आणि तुम्ही सांगायचं, की साबण खातात म्हणून. आमच्या सासूबाई खायच्या."

"खरंच?"

"एकदा चाटला होता."

आमच्या वस्तीचे प्रमुख कांग साहेब तिथेच उभे होते. "मी ऑफिसात बोलतो," ते म्हणाले. कांग साहेब प्रत्येक गोष्टीबद्दल ऑफिसात बोलतो म्हणतात. गल्लीच्या तोंडाचा खड्डा त्यांच्या या बोलण्यावर इतकी वर्षं जगतो आहे.

माझी बायको ली-चू घरी आल्यावर म्हणाली, "आईंना असलं काही शिकवायचं नाही. बरं दिसतं का?" मलाही ते पटलं होतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसतो. दिवसभर माणसं माझ्यासमोर फुगवून सांगत असतात. कुणाच्या नळाला थेंब नाही, कुणाचं घर पाण्यात पोहतं आहे. मी शांतपणे बारीकसारीक विचारत जातो: नळ कुठल्या भिंतीला आहे, पाणी कुठून कुठे वाहतं. तिसऱ्या प्रश्नाला खोटा माणूस सापडतो. अशा माणसाने स्वतःच खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायचं, हे काही बरं दिसलं नसतं.

पण मग ली-चू स्कूटरवरून पडली. आईने जेवून गॅस बंद केला की नाही हे बघायला ती रोज दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून धावत घरी यायची. त्या दिवशी वळणावर स्कूटर घसरली. गुडघा सोलला, तळहात सोलले. आईने तिला खुर्चीत बसवून स्वतः जखमा धुतल्या, औषध लावलं, फुंकर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताची पेज पीत होतो. आई समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आ-रोंग, काय काय विसरायचं ते सांग."

"आई, राहू दे."

"राहू दे काय? माझ्यापायी ती पोर मरायची एखाद दिवस. तुझ्या त्या थूबाईला विचार, नापास कसं व्हायचं ते."

इथून माझ्या घरात जी शिकवणी सुरू झाली तिला तोड नाही. आई आयुष्यभर शिकवत आलेली. तिने अभ्यास अंगावर घेतला तो विद्यार्थिनीसारखा. केसांच्या बाबतीत मात्र ती हटून बसली. "मी मेले तरी केस विंचरूनच जाईन," ती म्हणाली. बऱ्याच वाटाघाटी होऊन ब्लाऊजचं एक बटण चुकीच्या काजात घालायचं ठरलं. तेही ती सारखं नीट करत होती.

गणिताचा प्रश्न बिकट होता. चुकीचं उत्तर द्यायचं म्हणजे तिला शारीरिक वेदना होत. "शंभरातून सात गेले?" ली-चू विचारायची.

"चौऱ्याण्णव," आई म्हणायची आणि लगेच तोंड झाकून पुटपुटायची, "त्र्याण्णव गं, त्र्याण्णव."

"आई, पुटपुटायचं नाही!"

शेवटी आईनेच पद्धत काढली. "सगळीकडे एकने चुकवायचं. म्हणजे गोंधळ होत नाही." तारीख एकने पुढे, वार एकने पुढे, वजाबाकी एकने जास्त. मला त्या वेळी ही युक्ती फार हुशारीची वाटली.

थू काकू आईला भूमीदेवाच्या देवळातही घेऊन गेल्या. हे नाटक करावं की न करावं? देवाला विचारायला चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकतात; ते कसे पडतात ते त्याचं उत्तर. पहिल्यांदा देव 'नको' म्हणाला. दुसऱ्यांदा तो हसला, म्हणजे प्रश्न नीट विचारा. थू काकूंनी प्रश्न नीट विचारला, देव पुन्हा 'नको' म्हणाला. मग काकूंनी नैवेद्यात दोन डझन संत्री वाढवली आणि देव कबूल होईपर्यंत तुकडे टाकले. आता वाटतं, इतक्या स्पष्टपणे सांगणाऱ्या देवाचं एकदा तरी ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या परीक्षेला टाळ्या वाजवणारा डॉक्टर नव्हता. आम्हाला मानसतज्ज्ञ फान बाईंकडे पाठवलं. बारीक चणीच्या, विणलेला निळा स्वेटर घातलेल्या, आवाज इतका मऊ की मला वाटलं, काम झालं. त्यांनी आईला पाणी दिलं, गुडघे दुखतात का विचारलं आणि मला बाहेर बसवलं. मी दाराला कान लावला. आतून आईचा आवाज येत होता: "आज? आज बुधवार." मंगळवार होता. मला अभिमान वाटला.

मग त्यांनी आईला चित्रं दाखवली. साधी चित्रं, छत्री, किटली, कुलूप, अशी. नंतर दोन-दोन चित्रं समोर ठेवून विचारलं, यातलं आधी कुठलं पाहिलंत? हे मला आईने नंतर सांगितलं. ती म्हणाली, "फार सोपं होतं. पाहिलेलं सोडायचं आणि न पाहिलेल्यावर बोट ठेवायचं. एकदाही चुकले नाही मी."

त्यानंतर मला आत बोलावलं. आई बाहेर बसली.

"घरी कशा असतात?" फान बाईंनी विचारलं.

मी थू काकूंनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. कुणाला ओळखत नाही, दिवस-रात्र कळत नाही, आणि शेवटी आवाज खाली आणून, "साबण खाते."

"अरे बापरे. कुठला साबण?"

"अं... अंगाला लावायचा."

"वडी की पातळ?"

"वडी."

"कधी खातात? आंघोळीच्या वेळी की जेवताना?"

"जेवणानंतर," मी म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येत नाही.

"रोज?"

"नाही, एक दिवसाआड."

फान बाई काही लिहीत नव्हत्या. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता म्हणून ती जास्त लागत होती. मी अशाच नजरेने रोज लोकांकडे बघतो. खिडकीच्या पलीकडे उभं राहिल्यावर ती कशी दिसते हे मला प्रथमच कळलं.

"श्याओ साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या आईंच्या चुका फार नीटनेटक्या आहेत."

त्यांनी चित्रांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"चित्रांच्या परीक्षेत ज्यांनी डोळे मिटून बोट ठेवलं त्यांचीही निम्मी उत्तरं बरोबर येतात. आईंची सगळी चुकली. सगळी चुकवायला सगळं आठवावं लागतं. ज्यांचा आजार नुकता सुरू झालाय तेही या परीक्षेत चांगले निघतात, इतकी ती सोपी आहे. मला असं लिहावं लागेल, की आजच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येत नाही."

"म्हणजे ती बरी आहे?"

"असं मी म्हटलं नाही. आजार असेलही. पण तुम्ही वरून इतका रंग दिलाय, की खालचं मला दिसत नाही. सहा महिन्यांनी या. काही न शिकवता आणा. आणि मधल्या काळात त्यांच्याकडे लक्ष ठेवा."

हे त्यांनी मला अगदी नीट, समजेल अशा सरळ सोप्या भाषेत सांगितलं होतं. मी त्यातलं एकच वाक्य घरी आणलं: सगळं चुकवायला सगळं आठवावं लागतं. बाकीची वाक्यं माझ्या अपमानाखाली दबून गेली. घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होतो, की मला, तक्रारीच्या खिडकीवरच्या माणसाला, एका स्वेटरवाल्या बाईने साबणाच्या वडीवर पकडलं.

गल्लीत बातमी पियानोबरोबरच पोचली. "सापडलात?" थू काकूंनी विचारलं. "साबण नीट सांगितला नसेल तुम्ही." कांग साहेब म्हणाले, ते ऑफिसात बोलतील.

आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आयुष्यात तिने कितीतरी मुलांना कॉपी करताना कान धरून उभं केलं होतं, आणि आता या वयात ती स्वतः पकडली गेली होती. तिसऱ्या दिवशी मात्र ती जेवताना एकदम हसायला लागली. "जेवणानंतर साबण!" तिने म्हटलं आणि तिला इतकं हसू आलं की तोंडातला भात सांडला. मग ली-चूही हसली. मीही हसलो. घरावरचं मळभ गेलं.

खरं तर तिथेच ते आलं.

त्यानंतर आईला नाटकाचा नादच लागला. एकदा तिने माझ्या चहात मीठ घातलं. मी तोंड वेडंवाकडं केलं तेव्हा ती टाळी वाजवून म्हणाली, "नाटक! कसा फसलास!" एकदा न्याहारी दोनदा वाढली. आम्ही म्हटलं, आई, आत्ताच खाल्लं ना. ती आमच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "नाटक केलं. फानबाई असती तर फसली असती." एकदा तिने ली-चूला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मावशी जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. ली-चू दचकली. आई थांबली, आणि मग हसली. "फसलीस ना?"

आता आठवतं, की चूक आणि हसू यांच्यामध्ये ती थांबायची. आमचे चेहरे बघायची. आपण काय चुकलो हे ती आमच्या चेहऱ्यांवर शोधत असायची आणि सापडलं की हसायची. दिवसेंदिवस ते थांबणं लांबत गेलं. मला वाटलं, आईचा अभिनय सुधारतो आहे. मी ऑफिसात तिच्या नकला करून दाखवत होतो.

ली-चू एकदा भांडी पुसत म्हणाली, "मला नाही वाटत हे सगळं नाटक आहे म्हणून."

"अगं, मी दिवसभर खोटी माणसं बघतो," मी म्हणालो. "मला कळतं."

"तुला कळलं असतं तर साबण सांगितला असतास का?"

या प्रश्नावर मी अपमानित झाल्यामुळे विचार करू शकलो नाही.

मग तो शनिवार आला. आमच्या ऑफिसातले एक जण निवृत्त होत होते म्हणून माशाच्या डोक्याच्या रश्श्याचं जेवण होतं. मोठं भांडं मध्ये उकळत होतं, सगळे खुशीत होते. ली-चू माहेरी गेली होती. आई दुपारी झोपते, म्हणून मी निर्धास्त होतो. एवढ्यात फोन आला. पलीकडून पोलीस बोलत होता. पेइकांग गावच्या बसस्टँडवर एक आ-मा बसून आहेत, बटव्यात हा नंबर सापडला, तुमच्याच का?

"द्या बरं त्यांना फोन," मी म्हणालो.

आईचा आवाज आला. "कोण बोलतंय? आ-रोंगच्या बाबांना निरोप द्याल का? म्हणावं, माझी गाडी चुकली. पोरगा शाळेतून आला असेल, त्याला भूक लागली असेल."

बाबांना जाऊन एक जमाना झाला. मी टेबलावरच्या लोकांना डोळा मारला, ओठांवर बोट ठेवलं आणि फोनचा आवाज मोठा केला. ऑफिसात सगळ्यांना आईची नाटकं ठाऊक होती.

"आणि पोरगा जेवतो का नीट, आ-मा?" मी आवाज बदलून विचारलं.

"जेवतो. पण मासा काढून द्यावा लागतो. काट्याची भीती वाटते त्याला."

सगळं टेबल खो खो हसलं. माझ्या वाटीत माशाचा मोठा तुकडा होता. "काय अभिनय आहे हो तुमच्या आईचा!" आमचे साहेब म्हणाले. मी म्हटलं, "बस पकडून पेइकांगला गेली पाहा नाटक करायला! थांबू दे आता जरा. जेवून जातो." पोलिसाला सांगितलं, येतोच. मग फळं आली, भाषणं झाली. माझंही एक झालं.

पोहोचलो तेव्हा स्टँडवरचे दिवे लागले होते. आई चौकीत बाकावर बसली होती. कुणीतरी तिच्या पायाशी पाण्याचं घमेलं ठेवलं होतं आणि तिची पावलं त्यात होती. बस चुकल्यावर ती म्हणे चालतच च्याईला निघाली होती, वाटेतून तिला परत आणलं होतं. टाचा फुटल्या होत्या. केस विस्कटले होते. मी दारात उभा राहिलो आणि वाट बघत राहिलो. आता ती हसेल, आता टाळी वाजवेल.

"तुमच्या आईने दुपारपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही," पोलीस म्हणाला. "म्हणाल्या, मुलगा आल्यावर खाईन. तुम्ही कुठे होतात?"

मी कुठे होतो ते सांगितलं नाही.

आईने वर पाहिलं. मला ओळखलं. माझा हात धरून जवळ ओढलं आणि पोलिसाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आ-रोंग, मी इथे का आलेय ते मला कळत नाहीये. हे नाटक नाही हं."

"बरं, आई."

"आधीचंही नव्हतं." मग ती थोडा विचार करून म्हणाली, "थोडं होतं. चहातलं मीठ होतं. उगाच खोटं कशाला बोलू."

घरी येताना ती गाडीत झोपली. मी तिला माशाचं काही सांगितलं नाही.

सहा महिने व्हायचे होते, तरी मी फोन करून पेइकांगचं सांगितल्यावर फान बाईंनी बोलावलं. या वेळी शिकवणी नव्हती. आईने स्वतः केस विंचरले, बटणं नीट लावली, आणि वाटेत मला म्हणाली, "आज मी चांगली उत्तरं देणार आहे. मागच्या वेळची बेअब्रू धुऊन काढते." मी बरं म्हणालो. मला कळत नव्हतं, मी देवाकडे काय मागायचं.

फान बाईंनी या वेळी मला मागे खुर्चीवर बसू दिलं. त्यांनी महिना विचारला. आईने खिडकीबाहेर बघितलं, झाडांकडे बघितलं, आणि अभ्यास न केलेलं मूल शेजाऱ्याच्या पाटीवर बघतं तसं माझ्याकडे बघितलं.

"शंभरातून सात गेले तर, आ-मा?"

आईची बोटं टेबलावर आली. पहिलं बोट सरकलं. दुसरं सरकलं. मग ती बोटं तशीच हवेत राहिली, जणू टेबलावरचे मणी कुणी उचलून नेले होते. ती पुन्हा सुरुवातीपासून निघाली, पुन्हा तिथेच थांबली. तिच्या कपाळावर घाम आला. ती किती जीव तोडून प्रयत्न करत होती ते तिच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं.

ज्या माणसाने तिला नापास व्हायला शिकवलं, त्या माणसाला ते बघवेना. मी पुढे वाकलो आणि कुजबुजलो, "त्र्याण्णव."

"श्याओ साहेब," फान बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

याही वेळी मी पकडला गेलो. आयुष्यात मला दोनदा परीक्षेतून बाहेर काढलं ते या एकाच खोलीतून.

दार बंद होताना आईचा आवाज ऐकू आला. ती फान बाईंना म्हणत होती, "त्याला रागावू नका. चांगलाय तो. मदत करत होता."

नंतर फान बाईंनी मला सांगितलं, की शंका घ्यायला जागा नाही, परवानगी मिळेल. मी विचारलं, "मागच्याच वेळी कळलं असतं तर?" "औषधं लवकर सुरू झाली असती," त्या म्हणाल्या. "त्याने किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही." मग मला पाण्याचा पेला दिला. त्यांनी तो पेला न देता मला चार शब्द सुनावले असते तर सोपं गेलं असतं.

गल्लीत त्या संध्याकाळी पियानो वाजला तेव्हा थू काकूंनी विचारलं, "काय झालं?"

"मिळाली परवानगी."

"बघा! मी म्हटलं नव्हतं, तयारीने होतं म्हणून?" त्या आनंदाने म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. थू काकू गप्प राहिल्याची आमच्या गल्लीत तीच एक नोंद असावी. कांग साहेबसुद्धा ऑफिसाचं काही बोलले नाहीत.

आता आमच्याकडे सुमियाती असते. जावा बेटावरची आहे, हसरी आहे, आईला टर्की पक्ष्याचं मांस घातलेला भात बारीक करून भरवते. ली-चूला दुपारी धावावं लागत नाही. रविवारी सुमियातीला सुट्टी असते, तेव्हा आईजवळ मी बसतो.

गेल्या रविवारी मी पेपर वाचत होतो. आई आतून म्हणाली, "अहो, कपाटात मांजर आहे."

आमच्याकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. पूर्वी मी पेपरमागूनच म्हटलं असतं, की पुरे झालं, आई. मी उठलो. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातल्या रजया काढल्या, खालच्या काढल्या, हिवाळ्याचे कोट काढले, मागच्या कोपऱ्यात मोबाइलचा उजेड टाकून बघितलं. आई पलंगावरून नीट लक्ष ठेवून होती. "त्या बाजूला," ती म्हणाली. मी त्या बाजूलाही बघितलं.

"गेलं वाटतं," मी म्हणालो.

"गेलं असेल. दार उघडं होतं ना." ती समाधानाने उशीला टेकली. "तुम्ही बघितलंत तरी उठून. त्या दुसऱ्याला सांगितलं तर तो हसतो. त्याला वाटतं, मी नाटक करते."

"कोण?"

"माझा मुलगा."

मी रजयांच्या ढिगात बसलो होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तसा वाईट नसेल हो तो."

"छे, वाईट नाही," आई म्हणाली. "हुशार आहे फक्त." मग तिने हात लांब करून माझ्या हातातली रजई चाचपली. "अशी कोंबू नका. आधी नीट घडी घाला."

मी पुन्हा पहिल्यापासून घडी घातली.